सिद्रामप्पांची खडूची रेघ

सिद्रामप्पा टीव्हीकडे कधी समोरून पाहत नसत. दुरुस्तीला आलेला सेट ते टेबलावर भिंतीकडे तोंड करून ठेवत. भिंतीला न्हाव्याच्या दुकानात असतो तसला मोठा आरसा टेकवलेला असे. सेटच्या पाठीमागे स्टुलावर बसून, आतले स्क्रू फिरवता फिरवता, ते त्या आरशातलं चित्र बघत. डावा हात कायम पाठीशी असायचा. चालू सेटमध्ये दोन्ही हात घालायचे नाहीत हा त्यांचा नियम होता, कारण दोन्ही हात गुंतले तर झटका छातीतून जातो. मला हे माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी मला वाटलं, त्यांचा डावा हात अधू आहे, आणि मी भीत भीत तसं विचारलं. आरशातूनच माझ्याकडे पाहत ते म्हणाले, "हात हाय की. सुट्टीवर हाय."

मी वळसंगचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. बी.एस्सी.साठी सोलापुरात आलो तेव्हा शुक्रवार पेठेत सिद्रामप्पांच्या दुकानावरची खोली मिळाली. खोलीचा जिना दुकानातूनच वर जायचा, त्यामुळे जाता-येता त्यांच्यासमोरून जावं लागे. माझ्या काखेत भौतिकशास्त्राचं जाड पुस्तक दिसलं की ते म्हणत, "काय कॉलेजवाले, पुस्तकातला करंट चावतो का बे?" मी नुसता हसायचो. मोठ्या माणसाला उलट बोलायचं नाही हे मी घरून शिकून आलो होतो, आणि कॉलेजातही मी फारसा कोणाशी बोलत नसे.

ते मूळचे अक्कलकोटकडचे. घरात कानडी, दुकानात मराठी. तरुणपणी एका गिरणीत वायरमन होते, मग रेडिओ दुरुस्त करू लागले. टीव्हीचं काम ते कोणाकडून शिकले नाहीत. मुंबईहून एकेक भाग मागवून, नकाशे बघून त्यांनी स्वतः एक सेट बांधला होता. तो बांधून झाला तेव्हा सोलापुरात कुठलंच केंद्र दिसत नव्हतं. तरी ते रोज संध्याकाळी तो लावून बसत. पडद्यावर नुसत्या मुंग्या धावत. पत्नी तेव्हा हयात होत्या. त्या म्हणत, "येड लागलंय ह्यांना. मुंग्या बगायला वीज जाळत्यात." सिद्रामप्पांचं उत्तर ठरलेलं असे, "आज जरा कमी हायत."

पुढे गुलबर्ग्याचं केंद्र सुरू झालं. त्यांनी गच्चीवर उंच खांब उभा करून अँटेना त्या दिशेला वळवली, आणि एका संध्याकाळी मुंग्यांतून एक माणूस बाहेर आला. तो भुईमुगाच्या शेंगा हातात धरून कानडीत काही सांगत होता. अख्खी गल्ली दुकानासमोर जमली. त्या दिवसापासून पेठेत टीव्हीच्या बाबतीत सिद्रामप्पा म्हणतील ते खरं, असं झालं. शहरात सेट होतेच किती? जे होते त्यांतले बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले.

हा मान त्यांनी कमावलेला होता. बिघडलेला व्हॉल्व्ह काढला की तो गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवत. "ह्यो मेला. बगून घ्या. उद्या म्हनू नका, सिद्राम्यानं चांगला काढून घेतला." नवा भाग टाकण्याआधी दोनदा मोजत. माहीत नसेल तर "मला कळंना, उद्या या" म्हणत. दुकानात बसून "कळंना" म्हणणारा माणूस मी त्यांच्याआधी पाहिला नव्हता. आमच्या प्राध्यापकांनाही ते जमत नसे.

माझ्या दुसऱ्या वर्षी वळसंगच्या शाळेला एक सेट मिळाला. तो बसवायला कोण येईल, असं हेडमास्तरांनी मला विचारलं, मी सिद्रामप्पांना सांगितलं, आणि ते पिशवीत हत्यारं घालून एस.टी.ने आले. शाळेच्या छपरावर अँटेना बसवली. आमच्या गावात चित्र शहरापेक्षाही स्वच्छ आलं. रोज संध्याकाळी वर्ग भरून जाई. माझी आई सगळ्यांच्या पुढे बसायची. तिला अक्षर येत नाही, घरात आम्ही कानडीच बोलतो, आणि मराठी तिला बेताचीच येते. तिच्या आयुष्यात घर आणि बाजार सोडून कोणी तिच्याशी कानडीत बोललं नव्हतं. आता पडद्यावरचा माणूस पेरणीचं सांगू लागला की ती मान हलवून त्याला हुंकार देई. गावातले लोक हसत, पण तिचं तिकडे लक्ष नसे. सुट्टी संपवून मी निघालो की ती म्हणे, "अप्पांना सांग, लई उपकार झाले."

तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर सिद्रामप्पांनी आरसा बदलला. जुन्याचा पारा गेला म्हणाले. मला तो चांगला दिसत होता. मग दुकानातला दिवा मोठा आणला. मग एक दिवस एका वकिलांच्या सेटपाशी बसून ते बराच वेळ आरशाकडे वाकून पाहत राहिले आणि म्हणाले, "ट्यूब म्हातारी झाली. उजेडच न्हाय." पिक्चर ट्यूब जुनी झाली की तिच्या मागच्या फिलामेंटला थोडी जास्त वीज देतात, म्हणजे ती आणखी काही दिवस तग धरते. त्यासाठी ते हाताने छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळून सेटमध्ये बसवत. म्हाताऱ्या ट्यूबला हे औषध. पण चांगल्या ट्यूबला तेच दिलं तर ती आतून जळते. हे मला त्यांनीच कधीतरी समजावून सांगितलं होतं.

मी जिन्यावरून आरशात पाहिलं. वकिलांच्या सेटमधलं चित्र लख्ख होतं. सिद्रामप्पांनी ट्रान्सफॉर्मर जोडल्यावर तर निवेदकाचं तोंड चुना फासल्यासारखं पांढरं झालं, नाक-डोळे त्यात बुडून गेले. ते म्हणाले, "आता बरं दिसतंय." वकील म्हणाले, "छान झालं, अप्पा." मी वर गेलो.

पुढच्या महिनाभरात आणखी तीन ट्यूबा म्हाताऱ्या झाल्या. पाचवी वळसंगची. ते नेहमीच्या देखभालीला शाळेत गेले होते, आणि सुट्टी असल्याने मीही गावात होतो. चित्रात काहीही वाईट नव्हतं. ट्यूब कमजोर झाली म्हणत त्यांनी पिशवीतून ट्रान्सफॉर्मर काढला, तारांना डाग देऊन जोडला, ब्राइटनेस चढवला आणि विचारलं, "आता कसं?"

हेडमास्तर म्हणाले, उत्तम. सिद्रामप्पांनी मग माझ्याकडे पाहिलं. मी कॉलेजात शिकत होतो, हे सगळं पुस्तकात वाचलेलं होतं, आणि मला दिसतही होतं. मी मान हलवली.

घरी आल्यावर आई म्हणाली, तोंडं लई पांढरी दिसतात, बघून डोळ्यांतून पाणी येतं. मग स्वतःच म्हणाली, "पर अप्पांनी केलंय म्हनल्यावर बरोबरच असंल."

दोन महिन्यांनी हेडमास्तर दुकानात आले. सेट अंधारला होता. आवाज येत होता, पण पडद्यावर नुसती राखेसारखी सावली. लोक दोन-तीन दिवस आवाज ऐकायला आले, मग यायचे बंद झाले. माझी आई मात्र अजून येऊन बसते, असं त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. सिद्रामप्पा म्हणाले, ट्यूब कमजोर होती, मी सांगितलंच होतं. हेडमास्तर हात जोडून म्हणाले, हो, तुम्ही सांगितलं होतं.

मी जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभा होतो. मी म्हणालो, "अप्पा, ट्यूब चांगली होती."

हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढचं वाक्य विसरलो. सिद्रामप्पांनी हातातली पक्कड खाली ठेवली. रागावले नाहीत. खाली ये म्हणाले. मी आलो, आणि जे जे पाहिलं होतं ते अडखळत सांगितलं. वकिलांचा सेट, मग ते तीन, मग शाळेतला. तुमच्या डोळ्यांना कमी दिसत असेल, हे वाक्य मात्र मला उच्चारता आलं नाही. ते त्यांनी स्वतःच पुरं केलं.

मग त्यांनी कपाटावरचा स्वतः बांधलेला सेट खाली घेतला आणि लावला. संध्याकाळ होती, कार्यक्रम सुरू झाले होते. खडूचा तुकडा घेऊन त्यांनी ब्राइटनेसचं बटण आपल्या डोळ्यांना बरं वाटेपर्यंत फिरवलं, आणि बटणाची खूण जिथे आली तिथे डब्यावर एक रेघ ओढली. बटण पुन्हा शून्यावर आणलं. "आता तू," म्हणाले. मी फिरवलं. माझ्या हातून त्यांनी रेघ ओढून घेतली. मग हेडमास्तरांना फिरवायला लावलं. मग समोरच्या पानवाल्याला हाक मारून बोलावलं, त्याला काहीही न सांगता फिरवायला लावलं. त्यांनी वाकून, नाक टेकेल इतक्या जवळून, त्या रेघा पाहिल्या. पाहून समाधान झालं नाही म्हणून अंगठ्याने अंतर चाचपलं. आमच्या तिघांच्या रेघा एकमेकींना खेटून होत्या. त्यांची एकटीच पार पलीकडे.

पानवाला निघून गेला. मग सिद्रामप्पा म्हणाले, "कवापासून दिसत व्हतं तुला?"

"वकिलांच्या सेटपासून."

"मग बोलला का न्हाईस?"

मी म्हणालो, तुम्ही मोठे आहात.

ते काही क्षण माझ्याकडे बघत राहिले. त्यांना मी कितपत दिसत होतो, कुणास ठाऊक. "माझा मान राखलास," ते म्हणाले. "पर ट्यूब गेली की, लेकरा."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी नवं काम घेतलं नाही. पहिल्यांदा चारही घरी गेले आणि ट्रान्सफॉर्मर काढून आणले. मी कॉलेज बुडवून बरोबर गेलो. ते मला हात लावू देत नव्हते. बोटांनी चाचपून तारा सोडवत, आणि घरातल्या माणसाला बोलावून सांगत, "सेटमध्ये दोष नव्हता. माझ्या डोळ्यांत हाय. मी तुमच्या ट्यूबचं आयुष्य खाल्लं." वकील म्हणाले, असू द्या अप्पा, चालायचंच. सिद्रामप्पा म्हणाले, "चालत न्हाय, साहेब. मी चालू दिलं असतं का?"

शेवटी वळसंग. नवी ट्यूब मुंबईहून यायला किती महिने लागतील, सांगता येत नव्हतं. त्यांनी आपल्या सेटची ट्यूब काढली. माप एकच होतं. गोधडीत गुंडाळून, एस.टी.त मांडीवर घेऊन ते ती वळसंगला घेऊन आले. वाटेत खड्डा आला की दोन्ही हातांनी तिला छातीशी धरत. मला घेऊ द्या म्हटलं तर दिली नाही.

शाळेत ट्यूब बसवून झाल्यावर त्यांनी माझ्या आईला पुढे बोलावलं आणि बटण तिच्या हातात दिलं. आई घाबरली. ते कानडीत तिला म्हणाले, तुझ्या डोळ्यांना बरं दिसेल तिथे थांब, आणि माझ्याकडे बघू नकोस. आईने हळूहळू बटण फिरवलं. पडद्यावर एक बाई बोलत होती. आई थांबली, थोडं मागे घेतलं, आणि म्हणाली, "साकु." पुरे. सिद्रामप्पांनी हत्यारं पिशवीत भरायला घेतली.

दुकान बंद झालं. त्यांच्या मुलीने त्यांना अक्कलकोटला नेलं, तिथून मिरजेला नेऊन मोतीबिंदूची शस्त्रक्रिया केली. एका डोळ्याला दिसू लागलं. त्यानंतर ते जेमतेम वर्षभर जगले. छातीच्या दुखण्याने गेले तेव्हा माझी एम.एस्सी.ची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. निरोप पोचेपर्यंत त्यांना लिंगायत रीतीने समाधी देऊन झाली होती.

त्याआधी एकदाच त्यांना भेटायला गेलो होतो. लेकीच्या घरी ओट्यावर बसले होते. जाड भिंगांचा चष्मा, त्यामागे एकच मोठा झालेला डोळा. मला लांबूनच ओळखलं. शाळेचा सेट कसा आहे विचारलं, आईची चौकशी केली. मग बराच वेळ समोरच्या चुना लावलेल्या भिंतीकडे बघत राहिले. दुपारचं ऊन तिच्यावर पडलं होतं. म्हणाले, पट्टी काढली त्या दिवशी पहिल्यांदा कळलं, जगात किती उजेड आहे ते.

"एवडा उजेड मी लोकांच्या तोंडावर मारत व्हतो, मल्लिनाथ. चार घरं आन एक शाळा. एवडी माणसं रोज बसत व्हती. कुनालाच सोसला नसंल की."

मी आधीसारखा गप्प बसलो असतो. पण म्हणालो, "नव्हता सोसत, अप्पा. आईच्या डोळ्यांतून पाणी यायचं."

त्यांनी मान हलवली. लेकीला आत हाक मारून कानडीत सांगितलं, चहा टाक, आणि पोरगं जेवूनच जाईल.