राखणदाराची बी

२०२४ साल. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा. चैत्राचं ऊन कातळावर चढत होतं आणि गावच्या शाळेच्या व्हरांड्यातून वाळलेल्या काजूच्या बियांचा खुळखुळाट ऐकू येत होता. तो आवाज कानी पडला आणि माझं टाळकं सरकलं. शाळेतून ऐकू यावेत ते पाढे! आमच्या वेळी छडीच्या तालावर सगळा वर्ग एका सुरात पाढे म्हणायचा. दुसरीनंतर माझी शाळा सुटली, पण तो सूर काही सुटला नाही. विद्या म्हणजे तो सूर, असं मी उभा जन्म धरून बसलेला माणूस.

मी त्या दिवशी निघालो होतो तो नातीचं नाव या शाळेतून काढायला. मुलगा आणि सून दोघं मिरजोळ्याच्या कारखान्यात कामाला, तेव्हा स्वराच्या शाळेचं मीच बघणार, हे माझं मीच ठरवून टाकलेलं. पोर तिसरीत, खिशात सदा काजूच्या बिया. गणित काय केलंस म्हणून विचारावं तर म्हणते, "खेळलो." खेळलो! त्यापेक्षा रत्नागिरीतली मोठी शाळा बरी. स्वरा दोन दिवस रडत होती. तिच्या मैत्रिणी इथल्या, बाई इथल्या. पण मी एकदा बोललो की बोललो.

बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं. "दाखला देते आजोबा. आधी जरा टेका, ऊन फार आहे."

तेवढ्यात स्वरा पुढे आली. कमरेवर हात. "आबा, माझ्यासंगती एक डाव खेळ. तू जिंकलास तर रत्नागिरीच्या शाळेत जाईन, रडणार नाय. मी जिंकले तर हितंच राहणार."

साऱ्या वर्गाचे डोळे माझ्यावर. अशा वेळी मागे सरणारा मी नव्हे. मी धोतर सावरून जमिनीवर बसलो. खेळ अगदी साधा. एकवीस बियांचा ढीग. आपल्या पाळीला एक, दोन किंवा तीन बिया उचलायच्या. शेवटची बी ज्याच्या हाती, तो जिंकला.

आता आमच्याकडे कुठल्याही राशीला हात घालण्याआधी पहिला वाटा राखणदाराचा. भात असो, आंबे असोत, की नारळ. जो अदृश्य राहून आपलं शिवार राखतो, त्याला विसरून मोजदाद सुरू करायची नसते. तेव्हा मी पहिली बी उचलून उंबऱ्यापाशी ठेवली. मग म्हटलं, "वडीलधारा मी. पहिली पाळी माझी."

स्वरा गालात हसली. मला वाटलं, भ्याली.

मी हरलो. म्हटलं, पुन्हा! पुन्हा राखणदाराची बी बाजूला, पुन्हा पहिली पाळी माझी, पुन्हा हरलो. कधी एक उचलून बघितली, कधी तीन. घाई केली, दम धरला. शेवटची बी आपली तिच्याच चिमुकल्या मुठीत! मागून एक कार्टी ओरडली, "आजोबांचा राखणदार रुसला गो!" आणि वर्ग खिदळला.

"करणी केलीस काय गं?" मी विचारलं.

"करणी कसली आबा! तू एक घेतलीस की मी तीन घेते. तू दोन, तर मी दोन. तू तीन, तर मी एक. दोघांच्या मिळून दर खेपेला चारच जातात." असं म्हणून तिने बिया चार-चारच्या ओळींत मांडल्या. पाच ओळी. एकही बी उरली नाही की कमी पडली नाही.

बाई हसत म्हणाल्या, "आजोबा, देवाची बी हीच तुमची पहिली पाळी धरली असतीत, तर पुढची चाल स्वराची आली असती आणि तुम्हीच जिंकला असतात."

"देवाचं ते देवाचं, बाई. त्यात माझी पाळी कशी धरू?" मी ताठ्यात म्हणालो खरा, पण नजर त्या पाच ओळींवरून हलेना.

तुम्ही म्हणाल, वीस बियांत एवढं काय बघायचं? अहो, माझी हयात जांभ्याच्या चिऱ्यांच्या भिंती रचण्यात गेली. पाया तिरका पडला की भिंत पुढे कुठे झुकणार, हे मला ठाऊक. पण या ढिगाला ना पाया ना ओळंबा; नुसती एक रास! आणि तिच्या पोटात माझ्या हरण्याचा निवाडा, माझा हात पुढे होण्याआधीच, शांतपणे बसलेला! कोणी लिहिला तो? बाईंनी नाही, स्वराने नाही. माझा जन्म व्हायच्या आधी, हा कातळ घट्ट व्हायच्या आधी, मोजायला कोणी माणूस नव्हता तेव्हाही विसात पाच वेळा चार होतेच! ते कोणाची वाट बघत नव्हते, कोणाला भीत नव्हते, वडीलधाऱ्याचा मानही ठेवत नव्हते. "चार पंचे वीस" हे मी हजारदा घोकलं असेन. पण घोकलेलं ते दारावरचं नाव होतं, घरात पाऊल टाकलं ते त्या दिवशी. आणि माझी आठ वर्षांची नात त्या घरात परकर सावरत खुशाल फिरत होती! देवळाच्या गाभाऱ्यात जसा माणसाचा आवाज आपोआप खाली येतो, तसा माझा आला.

"बाई," मी म्हणालो, "दाखला राहू दे."

स्वरा टुणकन उडाली. वाटेत तिने माझं बोट धरलं होतं, की मी तिचं, ते आठवत नाही. रात्री जेवताना मुलाने विचारलं, "काय झालं शाळेत?" मी म्हटलं, "शाळा बरी आहे." तो माझ्याकडे बघतच राहिला. कारण ठरवलेलं मोडताना त्याने मला कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, स्वरा दप्तर घेऊन बाहेर येण्याआधीच, मी ओटीवर एकवीस बिया मांडून बसलो. राखणदाराची एक नेहमीसारखी बाजूला ठेवली, ती ठेवणारच. मग मिशी नीट केली आणि जन्मात पहिल्यांदा म्हणालो, "ये बाय, बस. आज पहिली पाळी तुझी."