नदीची ओटी

आमच्याकडं पाण्याची भीती म्हणजे ते आटण्याची. टँकरमागं हंडे घेऊन पळण्यात आमची अर्धी हयात गेली. पाणी माणसाच्या मागं लागतं असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

त्या सकाळी तलवाड्याकडचा रस्ता पाण्याखाली गेला होता आणि नदी कपाशीच्या रानात शिरली होती. नवरा जनावरं सोडून लेकरांसकट माळावर घेऊन गेला. सासूबाई मात्र सुपात खण, नारळ, गहू, हळदकुंकू घेऊन नदीकडं निघाल्या. नदी दुथडी भरली की बायांनी तिची ओटी भरायची, ही आमची रीत. किती वर्षांनी तशी वेळ आली होती, मग त्या कसल्या थांबतात!

मी मागं धावले. "आत्या, मागं चला. पानी लई वाढायलंय."

"वाढू दे की. कावून भ्यायलीस? माय हाय ती."

त्यांनी वाकून कुंकू वाहिलं, नारळ सोडला. तो डोळ्यांदेखत भोवऱ्यात गडप झाला. मी वळून पाहिलं, तर आलो ती पाऊलवाटच दिसेना. नदीनं वाटेतल्या ओढ्याचं पाणी मागं रेटलं होतं आणि आम्ही दोघी बांधाच्या एका तुकड्यावर अडकलो होतो. पोहायला दोघींनाही येत नाही. शिकणार तरी कुठं?

पाणी गुडघ्याला लागलं. सासूबाई म्हणाल्या, "मला ऱ्हाऊ दे. तू जा, लेकरं हायेत तुझी."

लग्न झाल्यापासून मी त्यांना कधी उलट बोलले नव्हते. त्या दिवशी ओरडले, "गप चला." त्यांच्या पदराची माझ्या पदराशी गच्च गाठ मारली आणि पाण्यात उतरले. पाणी कमरेला आलं, मग छातीला. पायाखालची काळी माती सुटत होती. मला देव आठवला नाही, लेकरंही आठवली नाहीत. नुसती भीती वाटत होती.

माळावर पोचलो तेव्हा ओली गाठ सुटेना. नवऱ्यानं ती दातांनी सोडवली.

आता आभाळ भरून आलं की सासूबाई चुलीपाशी मला खेटून बसतात. परवा हळूच म्हणाल्या, "जा रे बाबा, पुढं जा." बीडच्या माणसानं पावसाला पुढं जा म्हणणं मला अजून पाप वाटतं. पण मी त्यांना अडवलं नाही. मनात मीही तेच म्हणत होते.