रिव्हॉल्व्हरची हकीकत

आजोबांचं नक्षीदार रिव्हॉल्व्हर विकायचं ठरलं, तेव्हा वडिलांबरोबर मीही जुन्या वस्तूंच्या एका जाणकाराकडे गेले. नळीवर कोरलेली वेल तो भिंगातून कितीतरी वेळ पाहत राहिला. इतकी नाजूक पानं कोरताना त्या कारागिराच्या मनात काय असेल, असं मला वाटून गेलं.

“याच्यामागे काही हकीकत आहे?” जाणकारानं विचारलं. “असेल तर किंमत चढते.”

वडिलांनी नळीवरच्या वेलीवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, “माझा धाकटा भाऊ याच्याच गोळीनं गेला.”

काका तापानं गेले, असंच आम्हांला लहानपणापासून सांगितलं होतं. मी वडिलांकडे पाहिलं. त्यांनी मान वर केली नाही.

“हे कागदावर लिहून द्याल?” जाणकारानं हलकेच विचारलं.

वडिलांनी पेन मागितलं.