हायकोर्टाची दुसरी आंघोळ

आमच्या आत्यांना मत्सर वाटला की त्या आंघोळ करीत. पहाटेची आंघोळ वेगळी, ती देवासाठी. ही दुसरी, दिवसाच्या कुठल्याही वेळची, नेसत्या लुगड्यानिशी, विहिरीच्या गार पाण्याची. कुणाच्या सुनेचं कौतुक कानावर आलं, कुणाचं लोणचं आपल्यापेक्षा बरं मुरलं, दारासुरमच्या विणकराने शेजारणीला अधिक चांगला काठ दाखवला, की आत्या हातातली विळी आडवी करून उठत आणि एक शब्द न बोलता मागच्या दारी जात. पाठोपाठ पाणी ओतल्याचा आवाज येई. मग निथळत्या केसांनी परत येऊन राहिलेली भाजी चिरायला बसत.

"मत्सर म्हणजे विटाळ," त्या म्हणत. "लोक तो अंगावर वागवतात. मी धुवून टाकत्यें."

एवढं धुतल्यावर तो जायला हवा होता. तो जात नसे. ताजातवाना होऊन परत येई.

मी साताऱ्याची. पन्नासच्या दशकात लग्न होऊन कुंभकोणात आले. माझ्या सासरची मंडळी तंजावरच्या मराठी राजांच्या काळात तिकडे गेलेली आणि तिकडचीच झालेली. उंबऱ्याबाहेर तमिळ, उंबऱ्याच्या आत मराठी, पण मराठी अशी, की पहिल्या दिवशी आत्यांनी मला "तुजला वरण करावयास येतें काय?" असं विचारलं तेव्हा बखरीतून कोण बोललं म्हणून मी मागे वळून पाहिलं. हा प्रश्न म्हणजे माझी परीक्षा होती. वरण चाखून त्यांनी "शिकेल" असा निकाल दिला आणि सासूबाई मला हळूच म्हणाल्या, "नशीबवान आहेस. मला 'शीव शीव' म्हणाल्या होत्या."

आत्या माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहीण. गावातली सगळी मराठी घरं त्यांना हायकोर्ट म्हणत, कारण पदार्थाबद्दल त्या जे बोलत त्यावर अपील नसे. त्यांची सर्वांत मोठी पदवी म्हणजे "चालेल". ती मिळालेले लोक वर्षानुवर्षं ती मिरवीत. "आमच्या मुंजीतल्या खिरीला हायकोर्टानं 'चालेल' म्हटलं होतं," असं सांगताना एका वकिलांचा गळा भरून आलेला मी पाहिला आहे. कोवळ्या वयात नवरा गेल्यावर आत्या माहेरी आल्या, आणि माहेराने त्यांना चूल दिली. दुसरं काहीच दिलं नाही. त्यांनी त्या चुलीचं सिंहासन केलं.

त्या राज्याला एकच माणूस कधी शरण आला नव्हता: मरुदानल्लूरचे बुवा. वर्षातून एकदा ते आमच्या घरी भजनाला येत. ऐंशीकडे झुकलेले, आवाज मात्र पितळेच्या घंटेसारखा. त्यांचा नेम असा, की धान्याला विस्तव लागला की तो पदार्थ फक्त स्वतःच्या घरचाच खायचा. परक्या घरी फळ, दूध, दही, लोणी, मध. त्यामुळे सारा गाव ज्या हाताला नावाजत होता त्या हाताचं बुवांनी आयुष्यात काय खाल्लं होतं? केळं. तेही सोलून ते स्वतःच घेत. भजन संपल्यावर ते केळं खाताना आत्या दाराआडून ज्या नजरेने त्या केळ्याकडे बघत, ती नजर मी विसरणार नाही.

अशात शेजारी उटीमामी राहायला आल्या. तमिळ अय्यंगार बाई, गोऱ्या, हसऱ्या, उंच. नवऱ्याची उटीहून इकडे बदली झालेली. मामींना मराठीचं अक्षर कळत नसे. आमच्या दोन घरांत विहीर एकच होती. मधली भिंत तिच्यावरून गेलेली, अर्धी विहीर आमची, अर्धी त्यांची. आठच दिवसांत सासरे त्यांच्याकडे कॉफीला गेले आणि मिशी पुसत परत आले.

"ताई, असलं काही मी जन्मात खाल्लं नाही," त्यांनी ओटीवरूनच जाहीर केलं. "काचेचं भांडं. खाली बिस्किटाचा चुरा, त्यावर तांबडी फळं, त्यावर साय. पुन्हा बिस्किट, पुन्हा फळं, पुन्हा साय. थरावर थर. बाजूनं सगळे दिसतात."

आत्यांनी विळी आडवी केली. पाणी ओतल्याचा आवाज बराच वेळ आला.

दुसऱ्या दिवसापासून मी हायकोर्टाची जीभ झाले. आत्या परक्या घरचं बिस्किट तोंडात घालणार नव्हत्या, म्हणून मी मामींकडे जायचं, खायचं, मोडक्या तमिळमध्ये विचारायचं आणि येऊन साक्ष द्यायची. मला नेमून दिलेलं इतकं सुखाचं काम पुढे कधी लाभलं नाही.

"तांबडें फळ तें कोणतें?"

"स्ट्रॉबेरी. मामींचा भाऊ उटीहून टोपलीत नेचा घालून पाठवतो. मधात चुरतात."

"साय?"

"घुसळून फुगवलेली."

"नि चुलीवर काय काय ठेवतात?"

"काहीच नाही, आत्या. नुसतं रचायचं आणि विहिरीजवळ ओल्या वाळूत भांडं ठेवून गार करायचं."

आत्यांचा चेहरा उजळला. "चूल न पेटवतां जें होतें त्यास स्वयंपाक म्हणत नाहींत, पोरी. त्यास गवंडीकाम म्हणतात. आणि पदार्थ बाजूनं कशास बघायचा? तो काय देवाचा रथ आहे?"

हा निकाल त्यांनी स्वतःपाशी ठेवला नाही. हळदीकुंकवाला, देवळात, पानवाल्याच्या दुकानापाशी, जिथे मराठी बाई भेटेल तिथे त्या अत्यंत सभ्यपणे सांगत, "मामी चांगली बाई. पण तिच्या त्या भांड्याच्या तळाशी बेकरीचं बिस्किट असतें. त्यांत अंडें असतें म्हणतात. मी कोण बोलणार?" महिन्याभरात ही बातमी पट्टीश्वरमपर्यंत पोचली.

पुढचा घाव सासऱ्यांनी घातला, तोही भोळेपणाने. भजनाचा दिवस जवळ आला तेव्हा ते भिंतीवरून मामींना म्हणाले, "बुवा फळं आणि दूध घेतात. तुमचं ते फळं आणि दूधच की. बिस्किट तेवढं नको." मामींनी आनंदाने मान हलवली.

आत्यांनी त्या दिवशी दोनदा दुसरी आंघोळ केली. मग ओल्या अंगानेच मला म्हणाल्या, "सातारकरीण, जांभळं आण."

त्यांनीही थर रचायचं ठरवलं होतं. पंचवीस वर्षं ज्या माणसाला भरवता आलं नाही त्याला भरवायची वाट शत्रूनेच दाखवली होती. ती सोडण्याइतक्या आत्या मूर्ख नव्हत्या. जांभळांचा गर काढला, मध घातला, नारळाचा चव पिळून कोरडा केला, साय घुसळली. सगळं अप्रतिम. पण काचेच्या भांड्याला त्यांचा हात लागेना. "काच म्हणजे दवाखाना," त्या म्हणाल्या, आणि आजेसासूबाईंच्या कल्हई केलेल्या पितळी पातेल्यात एकेक थर लेकराला निजवावं तसा निजवला. आता पितळेतून काय दिसणार? वरून नुसती पांढरी साय.

"थर दिसत नाहीत, आत्या," मी भीत भीत म्हटलं.

"आहेत कीं. पृथ्वीच्या आंतलेही दिसत नाहींत."

भजन दणक्यात झालं. बुवा पाटावर बसले. एका बाजूला मामींचं काचेचं भांडं: खाली तपकिरी, वर लाल, वर पांढरं, पुन्हा तेच, देवळाच्या भिंतीवर ओढलेल्या पट्ट्यांसारखं रेखीव. दुसऱ्या बाजूला आमचं पितळी पातेलं. बुवांनी दोन्हीकडे पाहिलं आणि त्यांचा हात काचेकडे गेला. कुणाचाही गेला असता. मामी पदर सावरून हसत उभ्या होत्या.

तेवढ्यात बुवांच्या मागे बसणारा झांजवाला पुढे झुकला आणि मराठीत म्हणाला, "बुवा, थांबा. याच्या तळाशी बिस्किट असतं. अंड्याचं. सगळा गाव सांगतो."

बुवांनी हात मागे घेतला. मामींना एक शब्द कळला नव्हता. त्या अजून हसतच होत्या. सासऱ्यांनी तोंड उघडलं, पण त्यांना तरी काय ठाऊक? बिस्किट नको असं त्यांनी सांगितलं होतं. घातलं की नाही हे त्यांनी पाहिलं नव्हतं. दोन माणसं जागेवरून उठू लागली होती.

मी आत्यांकडे पाहिलं. त्या दाराआड होत्या. हाताशी त्यांचं पातेलं होतं. त्यांनी नुसतं गप्प राहायचं होतं. बुवा आता वळून पितळेकडेच येणार होते, आणि तो प्रश्न विचारणार होते जो ऐकायला आत्या पंचवीस वर्षं त्या दाराआड उभ्या राहिल्या होत्या: हे कोणाच्या हातचं?

आत्या बाहेर आल्या. पुरुषांच्या पंगतीत मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

"बिस्किट नाहीं तें," त्या म्हणाल्या. "खजूर आहे. खजूर नि खोबरें, कुटून दाबलेलें. विस्तव लागलेला नाहीं. मी पाहिलें आहे."

"तू कुठं पाहिलंस, ताई?" सासरे म्हणाले.

"पहाटें. ती विहिरीशीं बसून रचीत होती. मी पाणी काढीत होत्यें."

"सगळे थर होईपर्यंत?"

"दोर अडकला होता."

कोणी हसलं नाही. झांजवाला मात्र हट्टाला पेटला. "पण आत्याबाई, बिस्किटाचं तर तुम्हीच..."

"मीच म्हटलें. मीच फिरवत्यें," हायकोर्ट म्हणालं, आणि काचेच्या भांड्यात पळी तळापर्यंत घालून एक घास उजव्या तळव्यावर घेतला. तोंडात टाकला. डोळे मिटले. मी इतका वेळ चाललेला घास आजवर पाहिलेला नाही. मामींचं हसू आता थांबलं होतं. भाषा कळत नसली तरी निकाल लागतो आहे हे त्यांना कळलं असावं.

"चालेल," आत्या म्हणाल्या.

बुवांनी खाल्लं. पुन्हा मागून खाल्लं. मग मान वर करून विचारलं, "हे कोणाच्या हातचं?"

आत्यांनी मामींकडे बोट केलं. बुवांनी मामींना तमिळमधून भरभरून आशीर्वाद दिला. मग रीत म्हणून आमच्या पातेल्यातलंही वाढलं गेलं. पळी घातली आणि सगळे थर एक झाले. पानावर एक जांभळा गोळा पडला. बुवांनी तो चाखला आणि कृपाळूपणे म्हणाले, "हेही छान आहे."

त्या 'हेही'ने काय केलं ते मी सांगत नाही. आत्या वळल्या आणि मागच्या दारी गेल्या. भर पंगतीत पाण्याचा आवाज सुरू झाला.

"आत्ता कोण आंघोळ करतंय?" बुवांनी विचारलं.

"आमच्याकडे उकाडा फार," सासरे म्हणाले.

मामींना कोणी काही सांगितलं नाही. आत्यांनी सक्त मनाई केली होती. "तिजला सांगितलेंस तर तुझ्या वरणाचा निकाल फिरवीन," असं मला बजावलं होतं. पुढे चार वर्षं दोघी भिंतीच्या दोन्ही बाजूंनी एकमेकींवर पाळत ठेवीत राहिल्या. आत्यांचा दोर रोज अडके. मामींचाही अडकू लागला.

मग मामींच्या नवऱ्याची कोइमतूरला बदली झाली. जाताना त्यांनी काचेचं भांडं आत्यांच्या हातात दिलं आणि तमिळमध्ये म्हणाल्या, "अक्का, पितळेत थर दिसत नाहीत." आत्यांनी ते घेतलं. बैलगाडी वळणापर्यंत जाईतो त्या दारात उभ्या होत्या. मी वाट बघत होते, आता पाण्याचा आवाज येईल म्हणून. आला नाही. संध्याकाळी कुणीतरी शेजारच्या गल्लीतल्या सुनेच्या बासुंदीची तारीफ केली, तरी आत्या भाजीच चिरत राहिल्या.

"आत्या, विहिरीवर नाही गेलात?" मी विचारलं.

"कोणासाठीं भिजूं?" त्या म्हणाल्या. "बासुंदीचा मत्सर करण्याइतकी का माझी योग्यता उतरली?"

त्या गेल्या तेव्हा काचेचं भांडं माझ्या वाट्याला आलं. आता आम्ही पुण्याला असतो. गेल्या महिन्यात घरी पाहुणे होते. मी त्या भांड्यात स्ट्रॉबेरी, साय आणि खजूर रचला होता, एकेक थर आखल्यासारखा. माझ्या धाकट्या जावेने आंब्याचं काहीतरी करून आणलं होतं, स्टीलच्या डब्यात, कसंही कालवलेलं. पाहुण्यांनी डब्यातलं पुन्हा मागून घेतलं आणि विचारलं, "हे कोणाच्या हातचं?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "हेही छान आहे हं."

मी वाटी खाली ठेवली आणि न्हाणीघरात गेले. गीझर न लावता तांब्या डोक्यावर ओतला.

"अगं, या वेळेला?" हे दाराबाहेरून विचारू लागले. "एवढा वेळ काय करते आहेस?"

"दोर अडकलाय," मी म्हटलं.