दोन कंद आणि पंचाहत्तर खड्डे

माझ्या सासूबाईंनी स्वतःच्या पंचाहत्तरीला, केक समोर असताना, टेकडी ग्रुपच्या सगळ्या काका-काकूंना ‘अंडकोष’ या शब्दाबद्दल सांगितलं होतं.

आवाज न चढवता. वर्गात शिकवावं तसं.

आज त्यांचा वाढदिवस. त्या गेल्यानंतरचा पहिला.

अहो आईंनी जन्मभर कॉलेजात बॉटनी शिकवली. रिटायर झाल्यावर विद्यार्थी संपले, शिकवणं नाही.

मी यवतमाळची, लग्न करून कात्रजला आले. माझ्यासाठी ऑर्किड म्हणजे आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनवरचं ते जांभळं फूल. बारा महिने सारखंच दिसणारं.

मी तसं म्हटल्यावर त्यांनी मला पावसाळ्यात घरामागच्या टेकडीवर नेलं.

“खाली बघून चाल. आकाश काही पळून जात नाही.”

गवतात, जमिनीला चिकटलेली गोल पानं. त्यातून वर आलेला वीतभर दांडा. त्यावर पांढरी फुलं, पाकळ्या कात्रीने बारीक कातरल्यासारख्या.

“ही आमरी. आपली ऑर्किड. हिला एसी लागत नाही.”

मी गुडघ्यावर बसले आणि बराच वेळ उठलेच नाही. आयटीवाल्यांना एवढा वेळ गप्प बसलेलं त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं म्हणे.

मग आली पंचाहत्तरी.

समीरने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, टेकडीवर रोज फिरायला येणाऱ्या त्यांच्या ग्रुपबरोबर सरप्राइझ ठरवलं. आईंच्या आवडत्या उतारावर पंचाहत्तर झाडं लावायची.

पुणेकराला मोकळी टेकडी दिसली की त्याचा हात कुदळीकडे जातो. गवत म्हणजे रिकामी जागा, असं आपल्याला वाटतं.

खड्डे खणून झाले, रोपं येऊन पडली, केक आला. मग आईंना वर आणलं.

“सरप्राइझ, काकू.”

आई उताराकडे बघत राहिल्या. त्यांचा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी सोडवून घेतला.

“खड्डे कोणी मोजले?”

“मी,” समीर म्हणाला.

“तुला गणितात कमी मार्क पडायचे तेव्हा मी उगाच रागवायचे. तसाच राहायला हवा होतास.”

मग त्या वाकल्या. एका खड्ड्याच्या कडेला उपटलेली आमरी पडली होती, फुलासकट. त्यांनी ती उचलली आणि मुळाची माती झटकली. खाली दोन कंद, शेजारी शेजारी.

“ऑर्किड हे नाव कुठून आलं, माहितीये? एका जुन्या ग्रीक माणसाने अशीच उपटून पाहिली असणार. हे दोन गोळे बघून त्याला जे आठवलं तेच नाव त्याने ठेवलं. ऑर्किस. म्हणजे अंडकोष.”

एका काकांनी टोपी काढून परत घातली. एक काकू केककडे बघत राहिल्या.

“त्याने आकार बरोबर पाहिला. काम नाही पाहिलं,” आई म्हणाल्या. “हा सुरकुतलेला कंद बघा. यंदाचं फूल यानेच पोसलं. आता हा रिकामा होऊन जाणार. आणि हा टणक, तो पुढच्या वर्षासाठी. वर फूल डोलत असतं ना, तेव्हा खाली हा भरत असतो.”

 

“कुंडीत नेऊ का, काकू?” कोणीतरी विचारलं.

“नाही जगणार. हिचं बी धुळीएवढं. त्यात शिदोरीच नसते. या मातीतली एक बुरशी त्याला भरवते, तेव्हा कुठे ते रुजतं. ती बुरशी कुंडीत कुठून आणाल?”

मग आई फोल्डिंग स्टुलावर बसल्या आणि आम्ही सगळ्यांनी खड्डे बुजवले. कुठला कंद कुठे, किती खोल, कुठली बाजू वर, हे त्या सांगत गेल्या. निवृत्त बँक मॅनेजर चिखलात ओणवे होऊन “असा का, काकू?” विचारत होते.

केक त्यानंतर कापला. रोपं सोसायटीच्या रस्त्याकडेला लागली. ती मस्त वाढलीत.

पण उपटलेल्या आमऱ्या जगतील का, हे आईंनाही माहीत नव्हतं. तीच एक गोष्ट त्यांना खात राहिली.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना टेकडी चढवेना. मी वर जाऊन व्हिडिओ कॉल केला.

“काय दिसतंय?”

“गवत.”

“नीट बघ.”

मी नीट बघितलं. सगळा उतार पालथा घातला. नुसतं गवत होतं. मी फोन उगाच इकडेतिकडे फिरवत राहिले.

“खोटं बोलणार असशील तर आधी फुलाचा रंग ठरव,” आई म्हणाल्या.

मी रडायलाच लागले. त्या स्क्रीनमधून माझ्याकडे बघत होत्या.

“अगं, वर आली नाही म्हणजे मेली असं नसतं. एखादं वर्ष त्या येतच नाहीत. खाली असतात. तू पुढच्या वर्षी बघ.”

‘आपण बघू’ नाही म्हणाल्या. ‘तू बघ’ म्हणाल्या. मला तेव्हा ते लक्षातच आलं नाही.

हिवाळ्यात त्या गेल्या.

आज सकाळी मी आणि समीर वर गेलो. मी खाली बघूनच चालत होते. बुजवलेल्या खड्ड्यांच्या जागा आता ओळखूसुद्धा येत नाहीत.

समीरच आधी थांबला. मग बसला. मग त्याने तोंड दोन्ही हातांत धरलं.

माझा हात सवयीने फोनकडे गेला. व्हिडिओ कॉल, ‘अहो आई’. लावता लावता थांबले.

म्हणून इथे लिहितेय.

अहो आई, नमस्कार करते.

आल्यात. पूर्ण उतारभर आल्यात.

रंग पांढरा. आधी ठरवलेला नाही.