आईच्या कॉम्प्युटरची झडती

आई टाइप करायची आणि अक्षरं मागाहून यायची. अख्खं वाक्य बडवून झालं की ती हात मांडीवर ठेवून पडद्याकडे बघत बसायची. मग एकेक अक्षर उगवायचं, सरकारी उत्तरासारखं. आलंच तर.

आई परळच्या आमच्या खोलीत बसून मराठी टायपिंग करते, ठाकूरद्वारच्या एका छापखान्यासाठी. लग्नपत्रिका, सोसायट्यांच्या नोटिसा, मंडळांचे अहवाल. मी आमच्या चाळीच्या पुनर्विकासाच्या लढ्यात पत्रकं लिहिते. तीही आईच टाइप करते आणि माझी विशेषणं मला न विचारता कापते. त्या वर्षी छापखान्याच्या मालकांनी तिला पहिल्यांदाच पुस्तक देऊ केलं होतं, गिरगावातल्या वाड्यांवरचं, चांगलं जाडजूड. अट एकच: पहिलं प्रकरण सोमवारी स्वच्छ हातात पडलं तर पुस्तक तिचं, नाहीतर त्यांच्या नेहमीच्या डीटीपीवाल्याचं. त्या प्रकरणाचे हाताने लिहिलेले कागद आईने हिंदमाताच्या दुकानाची साडीची पिशवी रिकामी करून तिच्यात ठेवले होते आणि ती पिशवी कपाटात, घराच्या कागदपत्रांच्या खणात.

आणि नेमका तेव्हाच कॉम्प्युटर झोपला. सुरू व्हायला एक चहा लागायचा, फाइल उघडायला दुसरा. पंखा घरघरायचा आणि कोपऱ्यात न मागितलेल्या जाहिराती उघडायच्या.

दादरच्या दुरुस्तीवाल्याने तो नीट पाहिलाही नाही. "फॉरमॅट मारावा लागेल मॅडम. खरं सांगू, नवीन घ्या. हा म्हातारा झालाय."

माझं डोकं फिरलं. बिल्डरही आमच्या चाळीबद्दल हेच बोलतो. म्हातारी झालीय, पाडा. काय बिघडलंय ते बघायचं नाही, कोणी बिघडवलं ते तर त्याहून नाही. मशीन उचलून मी घरी आणलं. पत्रक लिहायला बसलं की आम्हाला एक गोष्ट आधी शिकवतात: शिव्या मागाहून, आधी कोणी केलं आणि कधी केलं ते शोधा. म्हटलं, तसंच करू.

रविवारी सकाळी बसले. आधी प्रकरणाची अर्धवट फाइल पेनड्राइव्हवर घेतली. फक्त फाइल, प्रोग्रॅम एकही नाही. मग नेटची वायर काढली, म्हणजे आत जो कोणी बसलाय त्याचा बाहेरच्यांशी संबंध तुटला. मग टास्क मॅनेजर उघडला. तिथे कोण किती काम करतंय ते दिसतं. आईचा टायपिंगचा प्रोग्रॅम बिचारा कोपऱ्यात उभा होता. जवळजवळ सगळी ताकद दुसराच एक जण खात होता, आणि त्याचं नाव असं भारदस्त, की सरकारी खातंच वाटावं. मशीनमधले प्रोग्रॅम तारखेनुसार लावले, तर एकाच दुपारी आत शिरलेली अख्खी टोळी सापडली.

"आई, हा कोण?"

"कन्व्हर्टर. छापखान्यातल्या ऑपरेटरने साइट सांगितली. सगळे तिथूनच घेतात म्हणाला. हिरवं बटण दाबलं."

"आणि हा स्पीड बूस्टर?"

"मशीन स्लो झालं ना, तर कोपऱ्यात आलं, स्पीड वाढवा. वाढवला."

"वाढला?"

"तुझ्या जिभेचा वाढलाय."

हा कन्व्हर्टर काय ते सांगायला हवं. आपण फोनवर जे मराठी लिहितो ते युनिकोड. कुठेही उघडा, दिसतं. पण बरेच छापखाने अजून जुन्या फॉण्टवर चालतात, त्यांना ही अक्षरं चालत नाहीत. म्हणून मजकूर जुन्या फॉण्टमध्ये बदलून द्यायचा आणि बदलणारं हत्यार मिळेल तिथून उचलायचं. इंग्रजी टाइप करणाऱ्याला आपली अक्षरं छापून घ्यायला चोरबाजारात जावं लागत नाही. माझ्या आईला जावं लागतं, आणि तिथून ती खिसेकापू घेऊन घरी येते, वर स्वतःलाच दोष देते. मी संतापले होते. आजही आहे.

मी कन्व्हर्टर काढायला गेले तर आईने माझ्या हातावर हात ठेवला.

"तो राहू दे. बाकीचे काढ."

"अगं, त्याच्याच पाठीवर बसून आलेत सगळे."

"कळलं. पण तो गेला तर उद्या प्रकरण देऊ कशात? गेलं ना मग पुस्तक."

मी तो तेवढा ठेवला. बाकीची टोळी काढली, ब्राउझरला चिकटलेली बांडगुळं काढली आणि मशीनमधल्या अँटिव्हायरसला पूर्ण झडती घ्यायला लावलं. ती चालू असताना आईने वरणाला फोडणी दिली. झडती संपली आणि यादीत सगळ्यात वर कन्व्हर्टर होता.

आई ओल्या हातांनी उभी राहून वाचत होती. मग म्हणाली, "त्यातून मजकूर नेला की रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतात. मी परत एकेक जागेवर आणते. पानंच्या पानं. ते काम कोणी कामात धरत नाही."

"मालकांना मी लिहू?"

"तू लिहिलंस तर ते छापखाना बंद करून गावी जातील. मी बोलते. काढ तो."

काढला. मशीन बंद करून परत चालू केलं, पुन्हा तपासलं, आणि बँकेचा नि मेलचा पासवर्ड माझ्या फोनवरून बदलला. आईने कीबोर्ड पुढे ओढून एक ओळ टाइप केली. अक्षरं बोटांबरोबर आली.

"आली," ती म्हणाली आणि संध्याकाळपर्यंत उठली नाही.

सोमवारी मी तिच्याबरोबर गेले. बोलायचं नाही या अटीवर. मालकांनी फाइल पाहून कपाळाला आठ्या घातल्या.

"ताई, हे युनिकोड दिलंत तुम्ही. आमच्याकडे फुटतं."

"एकदा उघडा तर, भाऊ. तुमच्याकडे नवीन सॉफ्टवेअर आहे ना?"

"आहे," ऑपरेटर म्हणाला. "पण हात जुन्यावर बसलाय."

त्याने उघडलं आणि खरंच फुटलं. वेलांट्या एकीकडे, अर्धी अक्षरं दुसरीकडे. मालकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच ती फोडली. मला अट आठवली. आई मात्र पुढे वाकली. "परिच्छेदाच्या सेटिंगमध्ये भारतीय भाषांचा पर्याय असेल बघा. काल वाचलंय मी." ऑपरेटरने शोधला, निवडला. पान जागच्या जागी सांधलं गेलं.

मालक चष्मा वर करून वाचत गेले. एक पान, मग दुसरं. "रफार सगळे जागेवर आहेत," ते जरा तक्रारीच्याच सुरात म्हणाले. "मग इतकी वर्षं आपण झक कशाला मारली?"

पुढचं पान उघडायला ऑपरेटरने माऊस दाबला तर मशीन अडलं. पंखा घरघरला आणि कोपऱ्यात ओळखीची जाहिरात उघडली. स्पीड वाढवा.

"भाऊ, हा तुमच्याकडेपण आहे," आई म्हणाली.

"तो? तो असतोच. आम्ही बंद करतो, तो परत येतो. आता सवय झालीय."

"सवय कसली करून घेता? उठा जरा."

ऑपरेटर उठला. आई त्याच्या खुर्चीवर बसली, पदर खोचला आणि म्हणाली, "आधी नेटची वायर काढा." मग मी तिला दाखवलं होतं त्याच क्रमाने ती निघाली, फक्त माझ्यापेक्षा शांतपणे. आमचा पेनड्राइव्ह आता त्या मशीनला लागला होता, तो परत घरी न्यायचा नाही, हेही तिनेच ठरवलं.

मालक थोडा वेळ तिच्या मागे उभे राहिले. मग आतल्या खोलीत गेले आणि दोरीने बांधलेला कागदांचा गठ्ठा घेऊन आले. उरलेलं सगळं पुस्तक. त्यांनी तो टेबलावर, तिच्या कोपरापाशी ठेवला.

आईने पडद्यावरून नजर हलवली नाही. मला म्हणाली, "साडीची पिशवी आणलीयस ना?"