बाटलीवरचं नाव

परदेशातल्या विद्यापीठाचं पत्र आलं त्या दिवशी मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होते. पत्र वाचलं आणि सलीमचाचांना सांगितलं की शिष्यवृत्तीसह प्रवेश मिळाला. त्यांनी हातातली बाटली खाली ठेवली आणि पत्राकडे बघत अहिराणीत विचारलं,

"वर नाव कोनं शे?"

"मन्हं."

"मंग बरोबर शे," म्हणाले, आणि बाटली पुन्हा विसळायला घेतली.

सलीमचाचा नंदुरबारच्या आमच्या कॉलेजात प्रयोगशाळा परिचर होते. काचसामान धुणं ही त्यांची नोकरी. पण ज्याने नमुना आणला, त्याच्या हातची चिठ्ठी असल्याशिवाय ते एकही बाटली कपाटात ठेवत नसत. "जेन्हं काम, तेन्हं नाव," असं त्यांचं ठरलेलं वाक्य. एकदा तपासणी समिती येणार म्हणून आमच्या प्रमुख सरांनी विभागाच्या छापील चिठ्ठ्या लावायला सांगितल्या. चाचांनी त्या बाटल्यांच्या मागच्या बाजूला लावल्या. सर चिडले, तर शांतपणे म्हणाले, "विभाग पाठीमांगे उभा शे ना साहेब, म्हनीसन."

त्यांचे वडील कल्हई करत. एकदा बाटल्या धुताना चाचा म्हणाले, "मन्हा बाप जलमभर दुसरास्ना नावना भांडा उजाळत ऱ्हायना. भांडावर नाव मालकनं. तेन्हं कोठेच नई." एवढंच बोलून त्यांनी पुढची बाटली घेतली.

पत्र येण्याआधीच्या हिवाळ्यात मी आमच्या कोरीटच्या आणि धानोऱ्याच्या चाळीस विहिरींचं पाणी तपासलं होतं. त्याच कामाच्या बळावर परदेशी अर्ज केला. शिष्यवृत्ती मिळाली तर जायचं, नाहीतर उन्हाळ्यात लग्न, असं घरी ठरलं होतं. अर्जासोबतचा निबंध मी चाचांना अहिराणीत सांगितला. त्यात सरांचं मार्गदर्शन होतं, वडिलांचे आशीर्वाद होते, दादाची मोटारसायकल होती.

चाचांनी नळ बंद केला. "सर दखायनात, तुन्हा बाप दखायना, भाऊनी फटफटी बी दखायनी. तू कोठे शे, माय?"

"आपलंच कसं सांगानं चाचा? बरं नई दिसत."

"फुगाडीसन सांगू नको. पन करेल काम लपाडानं नई."

निबंध मी बदलला. सवय मात्र एवढ्यात बदलत नाही.

मुलाखत दुपारी होती. घरी नेटवर्क टिकत नसे, म्हणून लॅपटॉप प्रयोगशाळेच्या टेबलावर मांडला. पडद्यावर तिघं होते. त्यातल्या बाईंनी विचारलं, या विहिरी कोणी निवडल्या? माझ्या तोंडून इंग्रजीत निघालं, "आमचे सर..."

चाचांना इंग्रजी येत नव्हतं. 'सर' हा शब्द तेवढा कळला. ते लॅपटॉपमागे उभे होते. त्यांनी कपाटातून एक बाटली काढली आणि तिची चिठ्ठी माझ्याकडे वळवून धरली. 'कोरीट, शाळेमागची विहीर.' अक्षर माझं, खाली नावही माझं.

मी थांबले. मग म्हणाले, "नाही. विहिरी मी निवडल्या." कशा, तेही सांगितलं. मी घरोघरी बायकांना विचारत गेले होते, की कोणत्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही. त्यांनी जी नावं घेतली, तिथून मी सुरुवात केली. बाईंनी लिहिणं थांबवलं आणि खुर्ची पुढे ओढली. ठरलेली वेळ संपली तरी त्या विचारत राहिल्या, मी सांगत राहिले. चाचा बाटली धरून तसेच उभे होते. हात दुखला असेल, पण त्यांनी तो खाली केला नाही.

मी तिकडे असताना, दुसऱ्या हिवाळ्यात, दादाचा फोन आला. चाचा गेले. मातीला मला पोचता आलं नाही.

पदवी घेऊन आले तेव्हा प्रयोगशाळेत गेले. कपाट उघडलं. माझ्या विहिरींच्या बाटल्या तशाच होत्या. एवढ्या वर्षांत त्यांनी स्वतःचं नाव कशावरच लिहिलं नव्हतं. मी पेन घेऊन बसले. सगळ्या बाटल्या होईपर्यंत संध्याकाळ झाली.

त्या कपाटात आज चाळीस बाटल्या आहेत. प्रत्येकीवर विहिरीचं नाव आहे, माझं नाव आहे, आणि त्याखाली एक ओळ आहे: 'बाटली धुतली – सलीम कल्हईवाले.'